युरोपात रेल्वेप्रवास: पहिला वर्ग घ्यावा की दुसरा?

खिडकीपाशी

मे महिन्यात पाच जणांचा स्वित्झर्लंड आणि पॅरिसचा बेत ठरतो आहे. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतले सासू-सासरे. मार्ग साधारण असा: झुरिक, ल्युसर्न, इंटरलाकेन, झेरमाट, तिथून बाझेल आणि बाझेलहून टीजीव्हीने (फ्रान्सची अतिवेगवान गाडी) पॅरिस. सामान म्हणजे तीन मोठ्या बॅगा आणि दोन छोट्या.

स्विस ट्रॅव्हल पास पहिल्या वर्गाचा घ्यावा की दुसऱ्या? पहिल्या वर्गाचा पास दीडपटीहून थोडा जास्तच महाग आहे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना उभं राहून प्रवास करायला लागू नये एवढीच माझी मुख्य अट आहे. गाद्या मऊ असाव्यात वगैरे हौस नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

पिंपळपान

दुसरा. डोळे मिटून दुसरा.

सह्यकडा

पिंपळपान यांना अनुमोदन. स्विस गाड्यांचा दुसरा वर्ग स्वच्छ, वातानुकूलित आणि प्रशस्त असतो. आसनरचना दोन अधिक दोन. पहिल्या वर्गात दोन अधिक एक, म्हणजे खुर्ची रुंद आणि पाय पसरायला जागा थोडी जास्त. खिडक्या बहुतेक गाड्यांत सारख्याच, वेग तर एकच. वाचलेले पैसे डोंगरावरच्या गाड्यांसाठी ठेवा. युंगफ्राऊयोख किंवा गॉर्नरग्राटच्या रेल्वेत वर्गच नसतात. तिथे पहिल्या वर्गाचा पासवाला आणि दुसऱ्या वर्गाचा पासवाला एकाच बाकावर बसतो.

मधुरा त.

मी थोडी वेगळी बाजू मांडते. प्रश्न दोन तरुणांचा असता तर मीही दुसराच म्हटलं असतं. इथे सत्तरीतली दोन माणसं आहेत आणि तीन मोठ्या बॅगा आहेत. पहिल्या वर्गात आपण खुर्चीपेक्षा रिकाम्या जागेचे पैसे देत असतो. त्याच गाडीत दुसरा वर्ग भरलेला असताना पहिल्या वर्गात शेजारच्या जागा मोकळ्या सापडण्याची शक्यता खूप जास्त. स्वित्झर्लंडमध्ये आंतरशहरी गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही आणि बहुतेक कुणी करतही नाही. मिळेल तिथे बसायचं. मग पाच जणांना एकत्र जागा मिळणं ही नशिबाची गोष्ट होते.

आणि मे-जून हा तिथल्या शाळांच्या सहलींचा हंगाम. अख्खा डबा मुलांनी भरलेला असू शकतो. तो डबा दुसऱ्या वर्गाचाच असतो.

वेळापत्रक

सहलींचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर तोडगा फुकट आहे. स्विस रेल्वेच्या ॲपमध्ये प्रत्येक गाडीपुढे गर्दीचा अंदाज दिसतो, माणसांच्या छोट्या चिन्हांनी. एक माणूस भरलेला दिसला तर भरपूर जागा, तिन्ही भरलेले दिसले तर उभं राहायची तयारी ठेवा. हा अंदाज पहिल्या आणि दुसऱ्या वर्गासाठी वेगवेगळा असतो. मुख्य मार्गांवर अर्ध्या तासाने किंवा तासाने पुढची गाडी असतेच. पासवाल्याला ठरावीक गाडीचं बंधन नाही. गर्दीची गाडी सोडून द्यायची, कॉफी घ्यायची, पुढच्या गाडीने जायचं.

टाळायच्या वेळा: कामाच्या दिवशी सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा, विशेषतः झुरिक आणि बर्नच्या आसपास. आणि ऊन पडलेल्या रविवारी सकाळी डोंगराकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या गाड्या.

शब्दफुगा

रुमाल टाकून ठेवतो. या धाग्यावर तरी चालेल ना, की इथेही आरक्षण लागतं?

रूळजोड

शब्दफुगा, बसा, जागा आहे.

मूळ प्रश्नाकडे. माझ्या मते 'पहिला की दुसरा' हा प्रश्न पास निवडल्यामुळेच तयार होतो. पास घेतला की त्याचे सगळे दिवस, सगळ्या गाड्या, एकच वर्ग. तुम्हाला खरं तर वर्ग प्रत्येक गाडीपुरता ठरवता यायला हवा. त्यासाठी स्विस हाफ फेअर कार्डचा विचार करा. एक महिना चालतं, बहुतेक रेल्वे, बस, बोटी आणि बऱ्याच डोंगरी रेल्वे निम्म्या दरात मिळतात. या कार्डाला वर्ग नाही. पहिल्या वर्गाचं तिकीट काढलं तरी निम्मं आणि दुसऱ्याचं काढलं तरी निम्मं.

सुट्या तिकिटात पहिला वर्ग दुसऱ्याच्या पावणेदोनपटीच्या जवळपास पडतो. झुरिक ते ल्युसर्न पाऊण तासाचा प्रवास, तिथे वरचे पैसे देण्यात अर्थ नाही. झेरमाट ते बाझेल हा लांबचा, बॅगांसकट, गाड्या बदलत जायचा दिवस. त्या एका दिवसापुरता पहिला वर्ग घ्या.

युंगफ्राऊयोखला जाणार असाल तर आणखी एक हिशेब: तिथे वरच्या टप्प्यावर पासवर २५ टक्के सूट आहे, हाफ फेअर कार्डवर ५० टक्के. पाच जणांत हा फरक मोठा होतो. उलट रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टूस पासमध्ये पूर्ण फुकट आहेत, शिवाय पाचशेहून अधिक संग्रहालयं. तेव्हा आधी कागदावर रोजचा प्रवास मांडा, मग ठरवा.

खिडकीपाशी

रूळजोड, ही बाजू लक्षातच आली नव्हती. धन्यवाद. दोन उपप्रश्न. एक, मुलाचं तिकीट. दोन, सासू-सासरे पहिल्या वर्गात आणि आम्ही दुसऱ्या असं करता येईल का?

कोरा कागद

मुलासाठी स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या. पास किंवा हाफ फेअर कार्ड घेणाऱ्या पालकांना ते फुकट मिळतं. ६ ते १५ वयाची मुलं पालकाबरोबर फुकट. सहाच्या खालच्यांना तिकीटच नाही. पण अट नीट वाचा: बरोबर आई किंवा वडील पाहिजेत. नुसत्या आजी-आजोबांबरोबर हे कार्ड चालत नाही. म्हणजे आजी-आजोबा नातवाला घेऊन पहिल्या वर्गात बसले आणि तुम्ही दोघं दुसऱ्या वर्गात, हे चालणार नाही. पालक ज्या वर्गात, मूल त्या वर्गात.

वेगवेगळे वर्ग घेणं नियमात बसतं. पहिल्या वर्गवाला दुसऱ्यात येऊन कितीही वेळ बसू शकतो. उलट चालत नाही, अगदी 'पाच मिनिटं बघून येतो' म्हणूनही नाही. तिकीट तपासनीस सौजन्याने बोलतात, पण दंड वसूल करतात.

मधुरा त.

वेगळं बसवू नका, अशी कळकळीची विनंती. गाडी बदलायची वेळ आली की दोघं एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला उतरता. दोन टोकांत दोनशे-तीनशे मीटरचं अंतर पडतं. अनोळखी स्टेशनात, सहा-सात मिनिटांच्या बदलात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला शोधत धावायचं हे सुख नव्हे. सगळे पहिल्यात किंवा सगळे दुसऱ्यात.

सह्यकडा

हे मात्र शंभर टक्के मान्य.

नकाशेवाला

डबा शोधण्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. गुडघ्यांसाठी वर्गापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

फलाटांवर ए, बी, सी, डी असे विभाग असतात, पाट्या वर टांगलेल्या असतात. गाडी यायच्या आधी फलाटावरच्या पडद्यावर गाडीचं चित्र येतं: कोणत्या विभागात १ आणि कोणत्या विभागात २. ॲपमध्येही हेच दिसतं. गाडी थांबल्यावर दाराशेजारी मोठा आकडा लिहिलेला असतो आणि पहिल्या वर्गाच्या डब्याला खिडक्यांच्या वर पिवळी पट्टी असते. आधीच योग्य विभागात उभं राहिलं की बॅगा ओढत डब्याडब्यातून चालावं लागत नाही.

डबल डेकर गाडीत चढलात की दोन जिने, एक खाली जाणारा, एक वर जाणारा. देखावा वरून चांगला दिसतो, पण गुडघे दुखत असतील तर खालचा मजला. स्विस डबल डेकरमध्ये एका डब्यातून पुढच्या डब्यात जायची वाट वरच्या मजल्यावरूनच असते. म्हणजे चुकीच्या डब्यात चढलात की जिना आलाच. फ्रान्सच्या दुमजली टीजीव्हीतही वाट वरूनच आणि खाण्याचा डबाही वरच. आजोबांना खाली बसवा आणि चहा त्यांना जागेवर आणून द्या.

बॅगांबद्दल: पाठीला पाठ लावलेल्या दोन आसनांच्या मधे खाली तिकोनी पोकळी असते. मध्यम बॅग तिथे आडवी आरामात सरकते. डोक्यावरच्या फळीवर २३ किलोची बॅग चढवायचा आटापिटा करू नका. मोठ्या बॅगांसाठी दारापाशी मांडणी असते, पण ती लवकर भरते. ही पोकळी दोन्ही वर्गांत मिळते. पहिल्या वर्गात माणसं कमी म्हणून ती रिकामी सापडते, इतकंच.

तात्पुरता

नकाशेवाला, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

अवांतर: इंटरलाकेनहून वर जाणारी गाडी ट्स्वाइल्युट्शिनेन नावाच्या स्टेशनात दुभंगते. एक भाग लाउटरब्रुनेनला, एक ग्रिंडेलवाल्डला. तिथे वर्ग कोणता हे नंतर पाहा, आधी डब्यावरचं गावाचं नाव पाहा.

भटकी मांजर

निसर्गरम्य गाड्यांचं काय? ग्लेशियर एक्सप्रेस, बर्निना एक्सप्रेस वगैरे. तिथे तरी पहिला वर्ग घ्यावा ना? आठ तास बसायचं असतं.

रूळजोड

ग्लेशियर एक्सप्रेस झेरमाट ते सांक्ट मॉरिट्झ, सुमारे आठ तास, २९१ पूल आणि ९१ बोगदे. छतापर्यंत वळलेल्या काचा दोन्ही वर्गांत सारख्याच. दुसऱ्या वर्गात दोन अधिक दोन, पहिल्यात दोन अधिक एक. आरक्षण दोन्ही वर्गांत सक्तीचं आणि त्याचे पैसे पास असला तरी वेगळे. खरा फरक जेवणाच्या वेळी टेबलावर कळतो. चौघांच्या दुसऱ्या वर्गाच्या टेबलावर चार ताटं ठेवली की कोपर ठेवायला जागा उरत नाही. आठ तासांसाठी पहिला वर्ग घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

त्याच्याही वर २०१९ पासून एक्सलन्स क्लास आहे. फक्त वीस आसनं, प्रत्येकाला खिडकी, जेवणखाण धरलेलं. पण त्यासाठी पहिल्या वर्गाचं तिकीट लागतं आणि वर भरभक्कम अधिभार.

सह्यकडा

बर्निना एक्सप्रेसबद्दल माझं मत अगदी उलट आहे. त्याच रुळांवरून दर तासाला साधी गाडी जाते, सांक्ट मॉरिट्झ ते तिरानो. तीच चढण, हजार मीटरला सत्तर मीटर, तेच २२५३ मीटर उंचीवरचं ओस्पिझिओ बर्निना स्टेशन, तोच ब्रुझिओचा गोल पूल. आरक्षण नको, अधिभार नको. साध्या गाडीच्या काही डब्यांत खिडकी उघडता येते. पॅनोरमा डब्याच्या काचा उघडत नाहीत आणि फोटोत आतल्या माणसांची प्रतिबिंबं येतात. फोटो काढणाऱ्याने दुसऱ्या वर्गाच्या साध्या गाडीत उघडणारी खिडकी पकडावी. मधल्या स्टेशनात उतरून पुढच्या गाडीने जाता येतं, हा फायदा वेगळाच.

वेळापत्रक

असंच गॉटहार्डचं. गॉटहार्ड पॅनोरमा एक्सप्रेस ल्युसर्नहून फ्ल्युलेनपर्यंत बोटीने आणि पुढे रेल्वेने. रेल्वेचा भाग फक्त पहिल्या वर्गाचा. दुसऱ्या वर्गाचा पास असेल तर वर्गबदलाचे पैसे आणि आरक्षण दोन्ही लागतं. मात्र जुन्या डोंगरी मार्गावरून ट्रेनो गोत्तार्दो नावाची तांबूस रंगाची गाडी २०२० च्या डिसेंबरपासून रोज तासातासाने धावते, दुसरा वर्ग आहे, आरक्षण नाही. वासेन गावाचं एकच चर्च तीन वेगवेगळ्या उंचीवरून दिसतं. घाईची गाडी मात्र घेऊ नका, ती २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यातून जाते. तिथे पहिला वर्ग घ्या नाहीतर दुसरा, बाहेर अंधारच.

खिडकीपाशी

आमच्या मार्गात ग्लेशियर किंवा बर्निना नाही, पण ल्युसर्न ते इंटरलाकेन आहे. त्यात काही खास?

नकाशेवाला

आहे तर! ब्र्युनिग घाटातून जाणारी गाडी, पावणेदोन-दोन तास. मोठ्या खिडक्या दोन्ही वर्गांत. इथे वर्ग नाही, बाजू महत्त्वाची. ल्युसर्नहून निघताना गाडीच्या दिशेने उजव्या हाताला बसा. झारनेन आणि लुंगर्न ही दोन्ही तळी उजवीकडे येतात. मग मायरिंगेनला गाडी उलट दिशेने निघते. काही लोक इथे गडबडून जागा बदलतात. बदलू नका. दिशा उलटल्यामुळे तुमची उजवी बाजू आता डावी झालेली असते आणि ब्रिएन्झचं तळं डावीकडेच आहे. उठायचं कारणच नाही.

भटकी मांजर

वा! हे कुठल्याही माहितीपत्रकात वाचलेलं नाही.

परदेशस्थ

स्वित्झर्लंडचा दुसरा वर्ग चांगला म्हणून सगळीकडे दुसराच, असा समज करून घेऊ नका. देश बदलला की गणित बदलतं.

जर्मनी: आयसीईला (तिथली अतिवेगवान गाडी) आरक्षण सक्तीचं नाही. पण शुक्रवारी दुपारी आणि रविवारी संध्याकाळी दुसऱ्या वर्गात आरक्षणाशिवाय चढलात तर दाराजवळ बॅगेवर बसून जायची वेळ येऊ शकते. दुसऱ्या वर्गात आरक्षणाचे काही युरो वेगळे भरा आणि निश्चिंत व्हा. त्यासाठी पहिला वर्ग घ्यायची गरज नाही. आरक्षण केलं असेल तर गाडी सुटल्यापासून पंधरा मिनिटांत जागेवर पोहोचा, नाहीतर ती जागा दुसऱ्याला बसायला मोकळी होते. पहिल्या वर्गात जागेवर येऊन खाण्याची ऑर्डर घेतात, पण खाण्याचे पैसे वेगळे. लोकांचा इथे फार गैरसमज असतो.

तिकीट स्वस्तातलं असेल तर ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. एक तास उशीर झाला तर तिकिटाचा २५ टक्के परतावा, दोन तासांवर ५० टक्के. टक्केवारी तिकिटावर असल्यामुळे पहिल्या वर्गाला रक्कम जास्त मिळते. पहिल्या वर्गाचा डबाच जोडलेला नसेल आणि दुसऱ्यात बसावं लागलं, तर फरकाची रक्कम मागता येते. त्यासाठी गाडीतल्याच तपासनिसाकडून तशी नोंद करून घ्या.

लहान मुलं असतील तर आणखी एक: आयसीईमधला लहान मुलांचा कप्पा दुसऱ्या वर्गात असतो. स्विस डबल डेकरमधला घसरगुंडीचा डबाही दुसऱ्या वर्गातच.

कोरा कागद

घसरगुंडी! नऊ वर्षांच्या मुलाचं मत विचारलं तर धागा इथेच बंद होईल.

पिंपळपान

मुलाने दुसऱ्या वर्गाला मत दिलं. माझी बाजू जिंकली.

मधुरा त.

परदेशस्थ यांनी फ्रान्सचं लिहिलं नाही. तिथे माझ्या पहिल्या वर्गाच्या बाजूला बळ मिळतं. टीजीव्हीला आरक्षण सक्तीचं आणि ते तिकिटातच असतं, त्यामुळे उभं राहायचा प्रश्नच नाही. पण दर मागणीप्रमाणे बदलतात. दुसऱ्या वर्गातल्या स्वस्त जागा संपल्या की दोन वर्गांतला फरक अगदी थोडा उरतो आणि कधीकधी पहिला वर्ग दुसऱ्याहून स्वस्तही दिसतो. म्हणून तिकीट काढताना दोन्ही वर्गांचे दर उघडून पाहायचेच. एका सेकंदाचं काम आहे.

बाझेल ते पॅरिस टीजीव्ही लिरियामध्ये तीन पायऱ्या आहेत: स्टँडर्ड, स्टँडर्ड पहिला वर्ग आणि बिझनेस पहिला वर्ग. मधली आणि वरची यांत खुर्ची जवळपास तीच, वरच्यात जेवण आणि लवचीक तिकीट. तुम्हाला मधली पुरे. तीन तासांचा प्रवास आहे. जागा निवडताना खालचा मजला मागा.

रूळजोड

सहमत. फक्त दोन सूचना. टीजीव्हीची दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. आणि प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी सक्तीची आहे, ती घरूनच लावून न्या.

उईगो ही त्याच कंपनीची स्वस्त सेवा. तिथे मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे पडू शकतात. तीन मोठ्या बॅगा धरल्या की स्वस्ताई उरते का ते तपासा.

तात्पुरता

इटलीचं मी सांगतो. फ्रेच्चारोसा या तिथल्या अतिवेगवान गाडीत दोन नव्हे, चार पायऱ्या: स्टँडर्ड, प्रीमियम, बिझनेस, एक्झिक्युटिव्ह. प्रीमियम नाव भारी वाटतं, पण फ्रेच्चारोसा १००० मध्ये रचना स्टँडर्डसारखीच दोन अधिक दोन, फक्त आसनं चामड्याची आणि एखादं पेय. दोन अधिक एक हवं असेल तर बिझनेसपासून. तेव्हा स्टँडर्ड तरी घ्या नाहीतर थेट बिझनेस. प्रादेशिक गाड्या बहुतेक दुसऱ्याच वर्गाच्या. त्यांचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात टोचून घ्यावं लागतं. विसरलात तर तिकीट असून दंड.

सह्यकडा

युरेल पासवाल्यांसाठी (अनेक युरोपीय देशांत चालणारा रेल्वे पास) दोन ओळी. पहिल्या वर्गाचा पास म्हणजे आरक्षण फुकट, असं नाही. टीजीव्ही, फ्रेच्चारोसा, स्पेनची एव्हीई यांत पासवर वेगळं आरक्षण काढावंच लागतं आणि फ्रान्समध्ये पासवाल्यांचा कोटा आधी संपतो. पहिल्या वर्गाचा पास दुसऱ्या वर्गात चालतो. साठीपुढच्यांना युरेलवर दहा टक्के सूट आहे, स्विस ट्रॅव्हल पासवर ज्येष्ठांना सूट नाही.

भटकी मांजर

जपानबद्दलही विचारून घेते, शिंकानसेनमध्ये (तिथली बुलेट ट्रेन) ग्रीन कार, म्हणजे त्यांचा पहिला वर्ग, घ्यावा का?

परदेशस्थ

गरज नाही. तोकाइदो शिंकानसेनच्या साध्या डब्यात दोन आसनांच्या ओळींमधलं अंतर १०४० मिलिमीटर आहे. बसल्यावर समोर बॅग ठेवूनही पाय हलवता येतात. ग्रीन कारमध्ये ११६०. साध्या डब्यात तीन अधिक दोन, ग्रीनमध्ये दोन अधिक दोन. खाणं ग्रीनमध्येही तिकिटात नाही. साध्या डब्यातलं मधलं 'बी' आसन इतरांपेक्षा दोन सेंटिमीटर रुंद केलेलं आहे, मधे बसणाऱ्याची कुचंबणा होऊ नये म्हणून. दोघंच असाल तर दोन आसनांच्या बाजूची डी-ई, तोक्योहून क्योतोला जाताना फुजी ई बाजूलाच दिसतो.

बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर शेवटच्या ओळीतलं मोठ्या सामानाचं आसन आधी आरक्षित करा. त्याचे वेगळे पैसे नाहीत. न करता नेलीत तर १००० येन मोजावे लागतात.

शब्दफुगा

मधल्या माणसाचा विचार करणारा देश. आवडलं.

वेळापत्रक

अवांतर माहिती म्हणून: युरोपात पूर्वी तिसरा वर्गही होता. ३ जून १९५६ पासून बहुतेक देशांनी तो बंद केला आणि तिसऱ्याचे डबे दुसऱ्या वर्गाचे झाले. उलट टोकाला लक्झेंबर्ग. तिथे २०२० पासून देशभर दुसऱ्या वर्गाचा प्रवास सगळ्यांना फुकट आहे, तिकीट फक्त पहिल्या वर्गाला लागतं.

खिडकीपाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेब मांडला. युंगफ्राऊयोख नक्की आहे, म्हणून पासऐवजी चार हाफ फेअर कार्डं आणि मुलासाठी फॅमिली कार्ड. झुरिक-ल्युसर्न, ल्युसर्न-इंटरलाकेन दुसरा वर्ग, सकाळी नऊनंतरच्या गाड्या. झेरमाट ते बाझेल सगळे पहिल्या वर्गात. पॅरिसला स्टँडर्ड पहिला वर्ग, फरक कमी असेल तर. यात काही चुकतंय का?

रूळजोड

छान जमलंय. एकच भर: झेरमाटहून निघताना फिस्पला गाडी बदलावी लागते. बदलाला वेळ थोडा असतो आणि फलाट वेगळा. अरुंद रुळांची गाडी उशिरा आली तर धावू नका, पुढची गाडी धरा. साधं तिकीट त्या दिवशी त्या मार्गावर कोणत्याही गाडीला चालतं. मात्र 'सुपरसेव्हर' नावाचं स्वस्त तिकीट काढलंत तर ते त्या एकाच गाडीचं. बॅगा आणि ज्येष्ठ बरोबर असताना त्या दिवसाला ते घेऊ नका. तसंच त्या दिवशी पॅरिसची गाडी लगेच पुढची धरू नका, मधे दीड-दोन तास ठेवा किंवा बाझेलला मुक्काम करा.

मधुरा त.

आणि ल्युसर्नच्या तळ्यावर बोटीने जाणार असाल तर तिथेही दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग वरच्या मजल्यावर. रेल्वेत वाचवलेत, आता बोटीत तासाभरासाठी पहिला वर्ग घ्या. उंचावरून चारही बाजूंचे डोंगर दिसतात आणि बसायला मोकळी बाकं मिळतात. फक्त सासऱ्यांना जिना चढवेल का ते आधी पाहा. खालूनही तळं छान दिसतं.

खिडकीपाशी

मधुराताई, हे नक्की करणार. शेवटचा प्रश्न: गाडीत फोन चार्ज करायला आपली गोल पिनांची प्लग चालते का?

नकाशेवाला

स्विस आंतरशहरी गाड्यांत दोन्ही वर्गांत सॉकेट असतं, २३० व्होल्टचं. पण त्याची खाच षटकोनी आणि अरुंद आहे. युरोपची बारीक दोन पिनांची चपटी प्लग बसते. जर्मन पद्धतीची जाड गोल बुडाची बसत नाही, आपली तीन पिनांची तर नाहीच. बहुदेशी अडॅप्टर नेत असाल तर त्याचं बूड किती रुंद आहे ते बघून घ्या, जाड बूड खाचेत शिरत नाही. टीजीव्हीत फ्रेंच सॉकेट, तिथे तीच बारीक प्लग चालेल. तेव्हा बारीक प्लगचे दोन चार्जर न्या, काम भागेल.